किलोमीटरला किती?

दिवाळी ते होळी या दिवसांत जबलपूरच्या मराठी घरांत पुण्या-मुंबईचे फोन वाढले की थंडी पडली असं समजावं. आधी तब्येतीची चौकशी होते, मग मुलांची, मग धुआंधार धबधब्याला पाणी किती आहे याची. आणि सगळ्यांत शेवटी, जणू आत्ताच आठवल्यासारखं, पलीकडून विचारलं जातं, "अरे, तुझ्या ओळखीचा कुणी गाडीवाला असेल ना? किलोमीटरला किती घेतो?"

समजा मी म्हणालो, "तेरा रुपये." पलीकडे गुणाकार सुरू झाल्याचं मला इथं बसून कळतं. जबलपूर ते कान्हा, मंडलामार्गे, साधारण १६० किलोमीटर. जाऊन-येऊन ३२०. गुणिले तेरा, ४,१६०. "अरे, हे तर काहीच नाही!" असं म्हणून फोन ठेवला जातो. त्या क्षणापासून हे ४,१६० रुपये त्या घरात माझ्या नावावर मांडून ठेवलेले असतात. पुढं जे काही होईल, त्याला मी जबाबदार.

तेरा रुपये हा दर खोटा नसतो, हे आधीच सांगून टाकतो. तो अगदी खरा असतो. फक्त तो ज्या गाडीचा असतो तिला ड्रायव्हर नसतो, ती ज्या रस्त्यानं जाते तिथं टोल नसतो, ती जिथं उभी राहते तिथं पार्किंगवाला नसतो, आणि तिच्या प्रवासात रात्र होत नाही. अशी गाडी, असा रस्ता आणि असा दिवस मिळाला तर माणूस तेरा रुपयांत खुशाल हिंडून येईल.

आमच्या राइट टाउनकडच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याचं ऑफिस मी जवळून पाहिलेलं आहे. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर मगरीवर बसलेली नर्मदामैया, तिच्या खाली इन्व्हर्टर. टेबलाच्या काचेखाली दरपत्रक. त्यात भेडाघाट, कान्हा, बांधवगड, पेंच, अमरकंटक, खजुराहो ही नावं लग्नपत्रिकेतल्या नावांसारखी ठळक. सगळ्यांत खाली मुंगीच्या पायांनी लिहावी तशी एक ओळ: टोल, पार्किंग, स्टेट टॅक्स, ड्रायव्हर भत्ता, नाइट हॉल्ट अलग; न्यूनतम २५० किमी प्रतिदिन; किमी गॅरेज से गॅरेज; घाट में एसी बंद रहेगा. आणि काचेवर भेडाघाटच्या दगडाचं एक सुबक पेपरवेट, बरोबर त्या ओळीवर. मी एकदा सहज म्हणून ते उचललं. मालकानं चहा मागवला, आणि बोलता बोलता ते परत जागेवर ठेवलं. "काय बड्डे," तो म्हणाला, "आपसे क्या छुपाना!"

त्यातल्या 'गॅरेज से गॅरेज' या कलमाकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. पाहुणे डुमना विमानतळावर उतरतात आणि गाडीत बसताना मीटर बघतात. गाडीनं मात्र मीटर त्याच्या बरंच आधी बघितलेलं असतं. मालकाचं गॅरेज आधारतालला किंवा रांझीला; तिथून डुमना, डुमन्याहून शहर, आणि शेवटी आपल्याला दारात सोडल्यावर गाडी एकटीच आपल्या खर्चानं घरी झोपायला जाते. तिला वाटेत डिझेल भरायचं असलं किंवा ड्रायव्हरला डबा घ्यायला घरी जायचं असलं, तरी तोही आपलाच प्रवास.

भेडाघाटचं तर विचारूच नका. शहरापासून ते वीस-पंचवीस किलोमीटरवर. जबलपूरच्या लोकल दर्शनाच्या प्रत्येक बोर्डावर संगमरवरी खडकांचाच फोटो असतो. पण आठ तास-ऐंशी किलोमीटरच्या लोकल पॅकेजात भेडाघाट बसतं का, याचं उत्तर गाडीवाल्यागणिक बदलतं. फोटोत लोकल आणि बिलात आउटस्टेशन, असं हे गाव आहे. तिथले नावाडी बिचारे बरे. बोटीत बसल्यापासून उतरेपर्यंत यमकं जुळवून जी कॉमेंट्री करतात, बंदरकूदनीपाशी माकडं कशी या कड्यावरून त्या कड्यावर उडी मारायची तेही सांगतात, तिचे वेगळे पैसे लावत नाहीत. ट्रॅव्हल्सवाल्यांना ही कल्पना अजून सुचलेली नाही, हे आपलं नशीब.

पण खरी मौज आहे ती त्या २५० किलोमीटरच्या कलमात. आउटस्टेशनला गाडी नेली की दिवसाला किमान २५० किलोमीटरचे पैसे द्यायचे, मग ती धावो की न धावो. कुठं हा आकडा तीनशेही असतो. आता कान्हाचा हिशोब घ्या. शुक्रवारी दुपारी निघालात, रविवारी संध्याकाळी परत आलात. आपल्या मनानं हे दोन दिवस. गाडीवाल्याच्या कॅलेंडरात तीन तारखा. तीन गुणिले २५०, म्हणजे ७५०. गुणिले तेरा, ९,७५०. वर ड्रायव्हरचा भत्ता, रोजचे चारशे धरा, १,२००. झाले १०,९५०. टोल आणि पार्किंग अजून दारात उभेच आहेत. ७५० किलोमीटरमध्ये जबलपूरहून निघालेला माणूस आग्रा मागं टाकून पुढं जातो. आपले पाहुणे मंडलापलीकडे खटियाला गेले आणि एका रानडुकराचं दर्शन घेऊन परत आले.

आणि गंमत अशी, की या तीन तारखांतली मधली अख्खी तारीख गाडी हॉटेलच्या आवारात जांभळाखाली उभी असते. कारण कान्हात आपली भाड्याची गाडी जात नाही. तिथं जिप्सी लागते. जिप्सीचं भाडं वेगळं, आत जाण्याचं परमिट वेगळं, गाइड वेगळा. बुधवारी दुपारी तर जंगलच बंद असतं, त्या दुपारी जिप्सीही उभी, आपली गाडीही उभी. उभ्या गाडीचं बिल मात्र त्या दिवशी अडीचशे किलोमीटर पळतं. वाघ दिसला नाही तर पाहुणे वनखात्यावर रागावतात, पण जो प्राणी न हलता दिवसाला अडीचशे किलोमीटर पळू शकतो तो जांभळाखाली उभा असतो, त्याचा फोटो कुणी काढत नाही.

माझा एक आतेभाऊ, कोथरूडचा, बँकेतून निवृत्त झालेला. त्यानं हे बिल बॉनेटवर पसरलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि लाल पेन मागितलं. रात्रीचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती, कारण वाटेत वहिनींना मंडल्याला नर्मदेची आरती बघायची होती. ड्रायव्हर नम्रपणे म्हणाला, "बाऊजी, तारीख बदल गई." म्हणजे चौथा दिवस. म्हणजे हजार किलोमीटर. दादाच्या आयुष्यात व्याज नेहमी तो लावत आला होता. दहा मिनिटांचं एवढं व्याज त्याच्याही बँकेत कधी कुणी लावलं नव्हतं. शेवटी मालकाला फोन लागला. त्यानं त्या दहा मिनिटांवर मोठ्या मनानं पाणी सोडलं, आणि दादा तीन दिवसांचे पैसे देऊन जिंकल्याच्या आनंदात झोपला. त्या दहा मिनिटांचा उपयोग नेमका काय असतो, हे मला त्या रात्री कळलं. घासाघीस करायला गिऱ्हाइकाला काहीतरी हवं असतं.

ड्रायव्हरच्या भत्त्यावर पाहुण्यांचा विशेष डोळा. "गाडी घेतली म्हणजे ड्रायव्हर त्यात आलाच की!" हा युक्तिवाद मी अनेकांकडून ऐकला आहे. नाही येत. कधीच येत नव्हता. मुंबई-कलकत्ता रेल्वे जबलपूरमार्गे १८७० साली जोडली गेली, आणि ज्यूल व्हर्नच्या १८७२ सालच्या कादंबरीत ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा करणाऱ्या साहेबाला मात्र अलाहाबादच्या अलीकडे पन्नास मैल रूळच संपलेले सापडतात. साहेब हत्ती भाड्यानं मागतो. तासाला दहा पौंड, वीस पौंड, चाळीस पौंड. हत्तीवाला ढिम्म. शेवटी दोन हजार पौंडांना साहेब हत्ती विकतच घेतो. आणि एवढे पैसे मोजल्यावरही हत्ती हाकणाऱ्या पारशी तरुणाची मजुरी वेगळी ठरवतो. किमान किलोमीटरची अट त्या हत्तीवाल्याला माहीत नव्हती, म्हणून तर त्याला हत्ती विकावा लागला.

टोल आणि पार्किंग यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फास्टॅग मालकाचा, मोबाइलवर मेसेज मालकाला, आणि पैसे आपले. मेसेज दाखव म्हटलं की त्याची बॅटरी उतरलेली असते. 'बॉर्डर' ही ओळ मात्र पाहण्यासारखी. पूर्वी नागपूरकडून येताना खवाशाला परिवहन खात्याच्या नाक्यावर गाडी थांबे, ड्रायव्हर कागद घेऊन आत जाई आणि थोडा गरीब होऊन बाहेर येई. मध्य प्रदेश सरकारनं हे नाके १ जुलै २०२४ पासून बंद केले. नाका गेला, पण बिलात 'बॉर्डर खर्चा' अजून नियमितपणे उगवतो. जुन्या माणसांची आठवण ठेवण्याची ही जबलपूरची रीत.

बाहेरचे लोक जबलपूर म्हटलं की ठगांचा विषय काढतात. स्लीमन साहेबानं त्यांचा बंदोबस्त इथूनच केला, कटनीच्या रस्त्यावर त्याच्या नावाचं स्लीमनाबाद आहे, पाहुण्यांना ते ड्रायव्हरच दाखवतो, आणि मग पाहुणे एकमेकांकडे बघून हसतात. मला हे हसणं पटत नाही. चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करणाऱ्यांच्या वंशजांनी तरी हसू नये. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, शेकडा २५. इथपर्यंत दर स्वच्छ होता. पण त्यावर शेकडा १० सरदेशमुखी, ती अलग! १८१७ साली इंग्रजांनी जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडून घेतलं. पण 'मूळ दर एवढा आणि वर एवढे' ही हिशोबाची पद्धत आपली माणसं इथं ठेवून गेली असावीत, असा मला दाट संशय आहे. दादा बॉनेटवर वाचत होता ते बिल एका अर्थी घरचंच होतं.

आणि गाडीवाल्याची बाजूही एकदा ऐकावी. त्याची गाडी कान्हाला तीन दिवस गेली तर ती तीन दिवस दुसरीकडे जाऊ शकत नाही. हप्ता, विमा, परमिट, टॅक्स हे उभ्या गाडीवरही चालू असतात. अडीचशेची अट त्यासाठी असते आणि ती अन्यायाची नाही. अन्याय फक्त इतकाच, की ती पेपरवेटखाली असते. मी मालकाला म्हटलं, "सरळ सांगत का नाही, कान्हा तीन दिवस, सगळं धरून साडेअकरा हजार?" तो हसला. एका सीझनला त्यानं तसं केलं होतं म्हणे. फोन करणारा प्रत्येक जण विचारायचा, "किलोमीटरला किती?" हा म्हणायचा, "सगळं मिळून साडेअकरा हजार." पलीकडचा म्हणायचा, "बाप रे, समोरचा तेरा रुपये म्हणतोय!" आणि फोन बंद. सगळी गिऱ्हाइकं समोरच्याकडे गेली, साडेअकराच्या वर मोजून आली आणि पुढच्या वर्षी पुन्हा किलोमीटरचा दर विचारू लागली. आपण एकच प्रश्न विचारतो, तो एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. त्याहून जास्त बोलणारा धंद्यातून जातो.

आता नव्या पिढीला ड्रायव्हरच नको असतो. माझा भाचा हिंजवडीत काम करतो, त्यानं इथं येऊन सेल्फ ड्राइव्ह घ्यायचं ठरवलं. ड्रायव्हर नाही म्हणजे भत्ता नाही, नाइट हॉल्ट नाही, बारा वाजून दहा मिनिटांनी तारीख सांगणारा कुणी नाही. "मामा, तुमच्या पिढीला पारदर्शक व्यवहार माहीतच नाही," तो म्हणाला. मग पारदर्शक व्यवहार सुरू झाला. सेल्फ ड्राइव्हचं भाडं, डिपॉझिट, टाकी फुल टू फुल, उशीर झाला तर तासाचे पैसे, गाडी चिखलानं भरली तर धुण्याचे, स्पीड वाढला तर त्याचे. गाडी द्यायला आलेला मुलगा आणि भाचा मोबाइलचा टॉर्च लावून गाडीभोवती आरती ओवाळल्यासारखे फिरत होते. "सर, ये वाला पुराना है, इसका व्हिडिओ ले लो." भाच्यानं घेतला. "ये भी पुराना है." तोही घेतला. "और ये तो कंपनी से ही ऐसा आया है." गाडीचा इतका बारीक अभ्यास तिच्या मालकानंही घेताना केला नसेल.

सेल्फ ड्राइव्हची गाडी घेताना एक गोष्ट मात्र खरोखर बघावी, आणि ती म्हणजे नंबर प्लेट. रीतसर भाड्यानं देण्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. ड्रायव्हरसकटच्या टॅक्सीला पिवळ्यावर काळी. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापराची. "दोस्त की गाडी है, सस्ते में दे देंगे" म्हणून जी मिळते ती पांढऱ्या पाटीची असते, आणि खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत ती भाड्यानं देता येणार नाही असं स्वच्छ लिहिलेलं असतं. काही झालं तर विमा कंपनी ते वाक्य पेपरवेट बाजूला करून वाचते. मग दोस्त कोण, त्याचा दोस्त कोण आणि आपण कोण, याची चौकशी रस्त्याच्या कडेला उभं राहून करावी लागते.

भाच्याची पाटी काळी होती, त्याबद्दल त्याला शंभर गुण. काउंटरवर त्यानं 'डॅमेज प्रोटेक्शन' नावाचं काहीतरी पाचशे रुपयांना घेतलंही होतं. त्यात काय येतं? सगळं येतं. टायर, काच, गाडीचा तळ, क्लच आणि चावी सोडून. म्हणजे रस्ता ज्याला लागतो तो टायर, दगड ज्याला लागतो ती काच, खड्डा ज्याला लागतो तो तळ, ट्रॅफिकमध्ये जो जळतो तो क्लच आणि माणूस जी हरवतो ती चावी, एवढं वगळून बाकी सगळ्याची जबाबदारी कंपनीची. टपावर वीज पडली असती तर भाचा निर्धास्त होता.

वीज पडली नाही. गोल बाजारात एका सांडाला पाठ खाजवायची होती आणि त्याला भाच्याच्या गाडीचा मागचा बंपर योग्य उंचीचा वाटला. सांड समाधानानं निघून गेला. बंपर एका बाजूनं सुटून लोंबू लागला. गाडी परत घ्यायला आलेल्या मुलानं हळहळत मान हलवली आणि आठ हजारांचा आकडा सांगितला. पाचशे रुपयांच्या त्या कागदात भाच्याच्या वाट्याला येणाऱ्या नुकसानीची मर्यादा नेमकी त्या आकड्याच्या वर ठेवलेली होती.

"पण गाडीला इन्शुरन्स आहे ना?" भाचा.

"है ना सर. फुल इन्शुरन्स है."

"मग त्यातून घ्या."

मुलगा इतका दुखावला, की जणू भाच्यानं त्याच्या आजीचे दागिने गहाण टाकायला सांगितलं. "सर, उसको काहे छेडना?"

विमा कसा असतो ते बघायला आपली स्वतःची पॉलिसी काढून वाचावी. घरात असते ती, फ्रिजवरच्या फाइलमध्ये. थर्ड पार्टी विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा आहे, पण तो आपल्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरतो. सांडानं आपलं केलेलं नव्हे. त्यासाठी वेगळं कव्हर. साध्या खासगी पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि गाडीचा जो भाग सगळ्यांत आधी कुणालातरी भेटतो तो बंपर प्लास्टिकचाच असतो. काचेवर मात्र घसारा नाही. म्हणजे आठ हजारांच्या बंपरचे उरले चार. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार रुपये आपल्याच खिशातून जातात. उरले तीन. आणि हे तीन हजार घेतले, की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस गेला. वर्षभर क्लेम केला नाही तर या वेगळ्या कव्हरच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, वर्षं वाढत गेली की ती ५० टक्क्यांपर्यंत चढते. भाड्याच्या गाडीचं गणित थोडं वेगळं, पण वळण हेच. तेव्हा शहाणा मालक लहान नुकसानीसाठी विम्याला हात लावत नाही. देवघरातल्या सोन्याच्या नाण्यासारखा तो असतो हे महत्त्वाचं. भाच्यानं आठ हजार देऊन बंपर घेतला असं त्याला वाटतं; खरं म्हणजे त्यानं एका अनोळखी माणसाचा नो क्लेम बोनस जपला. वर गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये राहणार म्हणून त्या दोन दिवसांचं भाडं. गाडी गॅरेजमध्ये आहे, भाचा हिंजवडीत आहे, आणि भाडं चालू आहे.

भाच्यानं हे सगळं त्याच्या लंडनच्या चुलतबहिणीला सांगितलं. तिनं सहानुभूती दाखवली नाही. ती नवऱ्याबरोबर आइसलंडला जाऊन आली होती. तिथं विमानतळाच्या काउंटरवर साध्या विम्याशिवाय खडीचा विमा वेगळा, आणि वाळू व राखेचा वेगळा. कारण वाऱ्यानं ज्वालामुखीची राख उडते आणि गाडीचा रंग खरवडून नेते. वाऱ्यानं दार उलटं वाकलं तर ते मात्र बहुतेक विम्यांत बसत नाही. दार उघडताना दोन्ही हातांनी धरा, असं सांगतात. ते नवराबायको आठवडाभर गाडीतून उतरताना दार असं धरून होते, की आत कुणी गुंड कोंडला आहे असं बघणाऱ्याला वाटावं. युरोपातल्या पाच मोठ्या भाडेगाडी कंपन्यांनी २०१५ साली युरोपियन कमिशनपुढं कबूल केलं, की इथून पुढं विमा आणि वरचे खर्च आम्ही नीट आधी सांगू. म्हणजे पेपरवेट तिकडंही होतं.

आपल्याकडेही ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली. आधी कमी किंमत दाखवून शेवटी थेंबाथेंबानं वाढवणं, गिऱ्हाइकाच्या टोपलीत न विचारता वस्तू सरकवणं, असे तेरा प्रकार त्यात नावानिशी दिले आहेत. मी ती यादी आमच्या ट्रॅव्हल्सवाल्याला वाचून दाखवली. त्यानं शेवटपर्यंत ऐकली. दोन प्रकार त्याला नवे निघाले, ते त्यानं पुन्हा वाचायला सांगितले.

या सगळ्यांवर ताण म्हणजे नर्मदा परिक्रमा. पायी करणाऱ्यांना गाडीवाल्याशी देणंघेणं नाही. पण अलीकडे मराठी मंडळी मोठ्या संख्येनं ती गाडीनं करतात. नदी १,३१२ किलोमीटर लांब. दोन्ही काठ, रस्त्याची वळणं, आडवाटेचे घाट धरले तर परिक्रमा तीन हजार किलोमीटरच्या वर जाते. नियम दोन. नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची, आणि ती ओलांडायची नाही. माझी नाशिकची मावशी तिच्या तीन मैत्रिणींबरोबर ग्वारीघाटावरून निघाली. मी किलोमीटरचा धोका ओळखून वेगळाच सौदा करून दिला होता: गाडीचे दिवसाला ठरलेले पैसे, आणि डिझेल आपलं. यात अडीचशेची भानगड नाही. मावशीनं तरीही जपाच्या वहीत मीटरचे आकडे लिहायला सुरुवात केली. रोजच्या पानावर वर आकडा आणि खाली 'नर्मदे हर'.

जबलपूरहून उत्तर तटानं आधी अमरकंटक. तिथं उगमाला वळसा घालून दक्षिण तटानं थेट पश्चिमेला, नर्मदापुरम, ओंकारेश्वर, पुढं नंदुरबार जिल्ह्यातून गुजरात. पंप पलीकडच्या तटावर दिसत असला तरी जायचं नाही, म्हणून मागं फिरून डिझेल भरायचं. हे मागं फिरणंही वहीत आलं. समुद्रापाशी विमलेश्वरला परिक्रमावासी बोटीत बसतात आणि खाडीच्या पलीकडे मिठीतलाईला उतरतात. गाडी बोटीत मावत नाही. ती अंकलेश्वरवरून भरूचचा पूल ओलांडून, मोठा वळसा घालून पलीकडे येते. पूल न ओलांडण्याचा नियम माणसांना आहे, टायरांना नाही. मावशी बोटीतून उतरली, मैयाला नमस्कार केला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "मीटर दाखव."

परतल्यावर ग्वारीघाटाजवळच हिशोब झाला. मालक स्वतः आला होता, मावशीच्या पाया पडला, परिक्रमा केलेल्या माणसाच्या पडतातच. मावशीनं आशीर्वाद दिला आणि वही उघडली.

"ड्रायव्हरचा भत्ता कसला? आश्रमात तो आमच्याच पंगतीला जेवला. सगळीकडे सदावर्त होतं."

"माँजी, भत्ता खाने का नहीं है. घर से दूर रहने का है."

मावशीनं क्षणभर विचार केला. तिलाही घर सोडून पंधरा-वीस दिवस झाले होते. तिनं भत्त्यापुढं बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

"आणि हे. विमलेश्वर ते मिठीतलाई. आम्ही बोटीत होतो. गाडी रिकामी फिरली. हे डिझेल मी देणार नाही."

मालकानं वही हातात घेतली, आकडा पाहिला, मान डोलावली. भरूचचा पूल त्याच्याही डोळ्यांपुढून गेला असावा.

"खाली कहाँ गई, माँजी?" तो अत्यंत आदरानं म्हणाला. "आप चारों का सामान तो उसी में था." आणि मावशी काही बोलायच्या आत त्यानं वही मिटून दोन्ही हातांनी परत दिली. "वैसे लगेज का हमने कुछ जोडा नहीं है."